वाचकांचे प्रश्न : सिएटल, १९१७ आणि हॉकीतला सातवा गडी

मागच्या अंकातल्या टिपणात एक वाक्य होतं : सिएटल मेट्रोपॉलिटन्स या संघाने १९१७ साली स्टॅन्ली चषक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकला आणि तो जिंकणारा तो पहिला अमेरिकी संघ ठरला. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सिएटलला हिवाळ्यात पाऊसच जास्त, तळीसुद्धा क्वचित गोठतात. तिथे बर्फावरचा खेळ आला कुठून? (पुणे)

कारखान्यातून, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जोसेफ पॅट्रिक आणि त्यांचे मुलगे लेस्टर व फ्रँक यांचा लाकडाचा धंदा होता. तो विकून आलेल्या पैशातून त्यांनी १९११ मध्ये व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया इथे कृत्रिम बर्फाच्या रिंक (स्केटिंगची मैदानं) उभारल्या आणि पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन ही व्यावसायिक लीग सुरू केली. सिएटलचं आइस अरीना १९१५ मध्ये तयार झालं आणि त्याच वर्षी संघही.

तत्त्व बर्फाच्या कारखान्याचंच. कॉम्प्रेसरने अमोनिया दाबायचा, थंड करून त्याचा द्रव करायचा, मग दाब सोडून त्याची वाफ होऊ द्यायची. वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. ही थंडी कॅल्शियम क्लोराइडच्या खारट पाण्याला द्यायची, कारण ते शून्याच्या बरंच खाली गेलं तरी गोठत नाही. ते पाणी जमिनीतल्या नळ्यांच्या जाळ्यातून फिरवायचं आणि वर साधं पाणी पातळ थरांनी शिंपडत जायचं. एकदम ओतलं तर हवा अडकते आणि बर्फ ठिसूळ होतो. थर फार जाड झाला तर नळ्यांची थंडी वरपर्यंत पोचत नाही, पृष्ठभाग मऊ पडतो आणि पक (या खेळात चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) अडखळतो. फार पातळ राहिला तर स्केटची पाती तळापर्यंत खरवडतात.

दोन सत्रांच्या मध्ये माणसं फावड्यांनी बर्फाचा चुरा ओढून काढत आणि वर पाणी देत. ते गरम असलं तर जास्त चांगलं : वरचा थर किंचित वितळवून त्यात मिसळतं आणि चरे भरून निघतात. हे काम करणारं यंत्र यायला १९४९ उजाडलं.

निसर्गावर भिस्त ठेवली की काय होतं, ते सिएटलच्याच संघाने १९२० मध्ये पाहिलं. ऑटावाला अंतिम मालिका सुरू होती, वसंताच्या उबेने बर्फाचा चिखल झाला आणि शेवटचे दोन सामने टोरंटोच्या कृत्रिम बर्फावर न्यावे लागले.

प्रश्न : १९१६-१७ च्या मोसमात नेमके किती संघ, किती सामने? उपान्त्य फेरी होती का? (नाशिक)

चार संघ : सिएटल, व्हँकुव्हर, पोर्टलंड, स्पोकेन. यातला स्पोकेन म्हणजे स्थलांतरित व्हिक्टोरिया. महायुद्धासाठी लष्कराने तिथलं अरीना ताब्यात घेतल्यामुळे संघाला गाव सोडावं लागलं. नव्या गावात प्रेक्षकच जमेनात. सिएटलने २४ सामने खेळून १६ जिंकले, ८ हरले. उपान्त्य फेरी नव्हती. तक्त्यात पहिला तोच विजेता, त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीचा पराभवही शेवटी महागात पडे. गुणांच्या (गोल अधिक साथीदाराच्या गोलाला केलेली साहाय्यं) यादीत सिएटलचा बर्नी मॉरिस पहिला, ३७ गोल आणि १७ साहाय्यांसह. नुसते गोल मोजले तर व्हँकुव्हरचा गॉर्डन रॉबर्ट्स ४३ गोलांनी पुढे होता.

प्रश्न : अंतिम मालिकेत सामन्यागणिक नियम बदलत होते असं वाचलं. हे कसं चालायचं? आणि त्याचा फायदा यजमानांना झाला, असंच ना? (डोंबिवली)

नियम बदलत होते हे खरं. फायद्याचं म्हणाल तर आकडे उलट बोलतात.

अंतिम मालिका पॅसिफिक कोस्टचा विजेता आणि पूर्व कॅनडातल्या लीगचा विजेता यांच्यात होई, आणि दोन्हींचे नियम वेगळे. पूर्वेची लीग, नॅशनल हॉकी असोसिएशन, सहा जणांनी खेळे : गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. पश्चिमेने सातवा गडी, रोव्हर, ठेवला होता. आघाडी आणि बचाव यांच्यामध्ये हवं तिथे फिरणारा हा खेळाडू. त्याला ठरलेली जागा नाही आणि उसंतही नाही. सात जण असले की मधली जागा भरलेली राहते. तो काढला की बर्फ मोकळा होतो, लांब धावा वाढतात आणि दम लवकर संपतो.

दुसरा फरक याहून मोठा. पूर्वेत पक पुढच्या साथीदाराकडे ढकलता येत नसे. रग्बीसारखं : पास बाजूला किंवा मागे, पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा. फ्रँक पॅट्रिकच्या लीगने बर्फावर दोन निळ्या रेषा आखून मैदानाचे तीन भाग केले आणि मधल्या भागात पुढे पास द्यायला मुभा दिली. सवय एका नियमाची आणि सामना दुसऱ्याचा, म्हणजे मधल्या भागात पुढे थांबलेल्या आघाडीच्या खेळाडूकडे पास गेला की शिट्टी. गोलरक्षकाचंही तसंच : पश्चिमेत त्याने बर्फावर लोळण घेऊन पक अडवला तर चाले, पूर्वेत त्याने उभंच राहायचं.

मालिका पाचांतले तीन, सगळे सामने सिएटलमध्ये, कारण यजमानपद दरवर्षी पूर्व-पश्चिम आलटून-पालटून जाई. समोर आदल्या वर्षीचे विजेते मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, गोलात जॉर्ज व्हेझिना, आघाडीला न्यूझी लालोंड. नियमही आलटून-पालटून. १७ मार्चचा पहिला सामना पश्चिमेच्या नियमांनी झाला, आणि घरच्या बर्फावर, घरच्या नियमांनी सिएटल ४-८ असा हरला! पुढचे तिन्ही सिएटलने जिंकले. दुसरा पूर्वेच्या नियमांनी : ६-१. तिसरा पुन्हा सात जणांचा : ४-१. २६ मार्चचा चौथा सहा जणांचा : ९-१. म्हणजे सर्वांत मोठे दोन विजय पाहुण्यांच्याच नियमांनी मिळाले. मॉन्ट्रियलच्या एकूण ११ गोलांपैकी ८ पहिल्याच सामन्यातले. सिएटलच्या २३ पैकी १४ एकट्या मॉरिसचे, त्यातले सहा शेवटच्या सामन्यात.

आमच्या मते याचं उत्तर संघाच्या घडणीत आहे. गोलरक्षक हॅप होम्स, फ्रँक फॉयस्टन, जॅक वॉकर आणि कली विल्सन हे चौघे १९१५ मध्ये टोरंटोहून फोडून आणले होते. त्याच चौघांनी १९१४ मध्ये टोरंटोकडून हा चषक जिंकलेला. सहा जणांची, मागे पास देण्याची हॉकी त्यांच्या अंगात मुरलेली होती; पश्चिमेची त्यांनी नंतर आत्मसात केली. मॉन्ट्रियलच्या बहुतेकांना असा दुहेरी सराव नव्हता. शिवाय वॉकरची खासियत दोन्ही नियमांत चाले : खाली वाकून स्टिक बर्फावर जवळजवळ आडवी टाकायची आणि पळणाऱ्याच्या स्टिकखालून पक ओढून घ्यायचा. प्रशिक्षक पीट मल्डूनकडे जेमतेम नऊ माणसं होती, त्यामुळे पहिल्या फळीने बहुतेक साठही मिनिटं बर्फावर काढायची.

प्रश्न : गोलरक्षक तोंडाला काही लावत नसत हे खरं का? आणि चषकावर १९१९ सालासमोर दोन संघांची नावं का आहेत? (बेळगाव)

मुखवटा नव्हता. पायाला पॅड होते, आणि त्यांची सुरुवात आपल्या ओळखीची आहे : १८९६ मध्ये विनिपेगच्या गोलरक्षकाने, व्हाइटी मेरिटने, चषकाच्या सामन्यात चक्क क्रिकेटचे पांढरे पॅड बांधले होते.

१९१९ मध्ये सिएटल आणि मॉन्ट्रियल पुन्हा समोरासमोर आले. पाच सामन्यांनंतर दोघांचे दोन-दोन विजय आणि एक अनिर्णित (०-०). १ एप्रिलच्या निर्णायक सामन्याआधी मॉन्ट्रियलचे बरेच खेळाडू फ्लूच्या साथीत अंथरुणाला खिळले आणि सामना रद्द झाला. त्यांचा बचावपटू जो हॉल ५ एप्रिलला सिएटलमध्येच न्यूमोनियाने वारला. १९४८ मध्ये चषकाची रचना बदलताना दोन्ही नावं कोरली गेली आणि खाली मालिका पूर्ण न झाल्याची नोंद. मॉरिस त्या मालिकेत नव्हता. सैन्यभरती चुकवल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती आणि पुढे शिक्षा भोगायला अल्काट्राझ बेटावरच्या लष्करी तुरुंगात पाठवण्यात आलं. १९२४ मध्ये अरीनाचं मोटारींचं गॅरेज झालं आणि संघ मोडला.