बक्षीस कुणाला आणि बोजारा कुणाला?

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचे आईवडील शेतमजूर किंवा अल्पभूधारक आहेत. दरवर्षी २६ जानेवारीला बक्षीस वितरण होते आणि दरवर्षी तीच पाच-सहा मुले उठून समोर येतात. बाकीची उन्हात बसून टाळ्या वाजवतात. गावातील एका सद्गृहस्थांनी यंदा वडिलांच्या स्मरणार्थ दहावीत पहिल्या येणाऱ्यास रोख रक्कम देण्याचे ठरवले आहे. शंभर टक्के हजेरीलाही रोख बक्षीस ठेवावे, असे काही शिक्षकांचे म्हणणे आहे. तर कोणी नाराज होऊ नये म्हणून सर्वांनाच प्रमाणपत्र द्यावे, असे इतरांना वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर : आपल्या जिल्ह्यात तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा भरतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. लाकडी नंदी सजवून आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ ठेवला जातो, मग त्याचा नंदी वीतभर असो की बंडीवर घालून आणावा लागेल एवढा. सजावटीचे पहिले-दुसरे बक्षीस मात्र वेगळे असते. बोजारा मिळाला म्हणून आपण पहिले आलो असे कोणत्याही पोराला वाटत नाही आणि बक्षीस हुकले म्हणून कोणी बोजारा परत करत नाही. आपल्या शिक्षकांमधला वाद मला या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून आलेला दिसतो. सर्वांना प्रमाणपत्र वाटणे म्हणजे बोजाऱ्यावर बक्षिसाचा शिक्का मारणे होय, आणि आठवी-नववीची मुले हे ओळखायला फार वेळ लावत नाहीत. मी स्वतः एका शाळेत हा प्रयोग केला होता. कार्यक्रम संपल्यावर त्या प्रमाणपत्रांची विमाने आम्हीच कडुनिंबाखालून गोळा केली.

हजेरीच्या रोख बक्षिसाला माझा स्पष्ट विरोध आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी येते आणि दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू होते. आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते, नाहीतर कमरेला ओटी बांधून तीही वावरात जाते. तिची गैरहजेरी तिने ठरवलेली नसते, तर घराच्या मजुरीच्या हिशेबाने ठरवलेली असते. अशा वेळी शंभर टक्के हजेरीचे पाकीट कुणाला मिळणार? ज्याच्या घरी त्याच्या हातांची गरज नाही त्याला. म्हणजे आपण बक्षीस विद्यार्थ्याला न देता त्याच्या घरच्या परिस्थितीला देऊन बसतो, आणि ते टाळ्यांच्या गजरात देतो.

त्या मुलीच्या बाबतीत दखल घेण्याजोगी गोष्ट दुसरीच असते. माझ्या वर्गात नववीत असलेली एक मुलगी वेचणीमुळे अठरा दिवस आली नव्हती. परत आल्यावर तिने बीजगणिताच्या वहीत सुटलेल्या प्रत्येक दिवसाची तारीख घालून कोरी पाने सोडली आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या वह्यांवरून ती एकेक करून भरत आणली. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांची पेरे ओरखडलेली होती आणि पेन ती जरा तिरके धरत होती, हे मला वही तपासायला घेतली तेव्हा दिसले. तिला आधी विचारून मी ती वही परिपाठात एक मिनिटभर वर धरली, ती कशी भरली गेली ते दोन वाक्यांत सांगितले आणि वही तिला परत केली. त्या महिन्यात अशा आणखी चार वह्या माझ्या टेबलावर आल्या. विचारून हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सर्वांसमोर झालेले कौतुक कधीकधी शिक्षेइतकेच अवघड वाटते. अशा मुलाला वर्गाबाहेर बाजूला घेऊन सांगितलेले दोन शब्द पुरतात.

रोख रकमेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र देऊ असे आधीच सांगितले होते, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तेव्हा, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले चित्रे काढण्याकडे इतरांपेक्षा कमी वळत होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झालेली नव्हती. ती मुले लहान होती आणि आपली मोठी आहेत, हे मान्य. तरीही यातून एक साधा नियम मी घेतला आहे. मूल जे आपणहून आनंदाने करते, त्याचा भाव आधी जाहीर करू नये. वाचनालयातून जास्त पुस्तके नेणाऱ्यास बक्षीस ठेवले की सर्वांत पातळ पुस्तके आधी संपतात, हे कोणताही ग्रंथपाल सांगेल.

आता आपले दाते. मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले, पण गावोगावचे सत्कार थांबलेले नाहीत. निकाल लागताच पहिल्या आलेल्या मुलाला ग्रामपंचायतीपासून पतसंस्थेपर्यंत सगळेच शाल-श्रीफळ देतात. शिवाय २६ जानेवारीला तो आपल्या शाळेत नसतोच. तो हिंगणघाटला किंवा आर्वीला अकरावीत बसलेला असतो. वडिलांचे नाव राहावे ही दात्यांची इच्छा योग्यच आहे, परंतु त्यांना हिशेब दाखवा. ११,००० रुपयांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ७७० रुपये व्याज येते, आणि त्यात दहावीच्या मुलाला एक ट्रॉफी येईल. हीच रक्कम आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला, म्हणजे आपण जिला एनएमएमएस म्हणतो तिला, बसवण्यासाठी लावली तर काय होते ते पाहा. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० प्रमाणे एकूण ४८,००० रुपये मिळतात. अनुदानित शाळेतील मुले पात्र असतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. परीक्षा सहसा डिसेंबरात होते आणि उन्हामुळे आपल्याकडील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे दिवाळीची सुट्टी वगळता हातात जेमतेम पाच महिने उरतात. सरावपुस्तके, केंद्रावर जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवशीचे जेवण दात्यांच्या वडिलांच्या नावाने झाले, तर ते नाव ट्रॉफीपेक्षा अधिक घरांत पोहोचेल.

बक्षिसे थोडीच ठेवा, पण ती कशाबद्दल आहेत हे शाळा उघडतानाच फलकावर लिहा. प्रगतीचे बक्षीस ठेवायचे तर पहिल्या घटक चाचणीपासून मोजा. मात्र निव्वळ वाढलेले गुण मोजलेत तर ८५ वर असलेल्या मुलाला वाढायला जागाच उरत नाही आणि एखादा हुशार मुलगा पहिली चाचणी मुद्दाम वाईट देतो, हेही लक्षात असू द्या. हातांच्या कामाला त्यात स्थान हवेच. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली आणि हस्तोद्योगाला शिक्षणाचा मध्य मानले गेले. त्याच जिल्ह्यात पाण्याच्या टाकीचा गळका नळ दुरुस्त करणाऱ्या मुलाचे नाव शाळेच्या एकाही कागदावर नसावे, याचे मला वाईट वाटते.

आणि बोजारा? तो शब्दांचा असावा. प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल वर्षातून दोनदा, त्यालाच लागू पडेल असे एक वाक्य प्रगतिपुस्तकात लिहा. “छान प्रगती”, “वाचन उत्तम” अशा वर्णनात्मक नोंदी छापील पुस्तिकांत तयार मिळतात आणि त्या कुणाच्याही नावापुढे बसतात, म्हणूनच त्या कुणाच्याच नसतात. “प्रयोगाच्या तासाला उरलेले आम्ल न सांडता आणि बाटलीत परत न ओतता वेगळे ठेवलेस” हे वाक्य लिहिण्यासाठी शिक्षकाला त्या मुलाकडे पाहावे लागते, आणि काम एवढेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा सातवीपर्यंत गावच्या शाळेत नेहमी पहिला यायचा आणि आम्ही सगळे त्याला हुशार म्हणत आलो. आठवीला तालुक्याच्या शाळेत गेल्यावर त्याचा नंबर खाली गेला. आता तो शिष्यवृत्ती परीक्षेला बसायलाच तयार नाही. पहिला आल्यास मोबाइल घेऊन देतो, असे त्याचे बाबा म्हणतात. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, मोबाइलचे वचन आधी मागे घ्यायला लावा. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या अभ्यासात, “तू हुशार आहेस” असे ऐकलेल्या बहुतेक मुलांनी पुढे सोपे प्रश्न निवडले आणि अपयशानंतर ती लवकर खचली. “तू मेहनत केलीस” असे ऐकलेल्या बहुतेकांनी अवघड प्रश्न घेतले. तुमच्या मुलाला परीक्षेची भीती नाही, हुशारीचा शिक्का पुसला जाण्याची भीती आहे. निकालाविषयी महिनाभर काहीही न विचारता रोज त्याने सोडवलेले एक अवघड गणित त्याच्याकडून समजावून घ्या. तुम्हाला गणित येत नसेल तर फारच उत्तम.

प्रश्न : चित्रकला आणि खेळ यांचे गुण दहावीत खरोखर मिळतात का? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : मिळतात. शासकीय इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेचे गुण श्रेणीनुसार मिळतात आणि खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार ठरतात. दोन्हींचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, खेळाचा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून पुढे मंडळाकडे. म्हणून प्रमाणपत्राची छायाप्रत मुदतीपूर्वीच वर्गशिक्षकांकडे द्यावी आणि दिल्याची पोच घ्यावी.