आजोबांच्या ट्रंकेत एकाच पिनवर दोन छोटी पदकं मिळाली. खरी असतील का? चिंचेने घासून फ्रेम करू का?

आधी चिंच बाजूला ठेवा. वेंगुर्ल्याच्या घरात तांब्याची भांडी चिंचेने लखलखतात, पण पदकावरची बारीक अक्षरं त्याने झिजतात आणि आंबट पाणी फितीत मुरतं.

घरचे म्हणतात तशी ही खेळण्यातली नाहीत, मिनिएचर आहेत. रात्रीच्या मेस ड्रेसवर, म्हणजे लष्करी मेजवानीच्या औपचारिक गणवेशावर, मोठ्या पदकांऐवजी साधारण निम्म्या आकाराची ही लावतात. मोठं पदक अधिकृतपणे मिळतं, छोटं बहुतेक जण पदरचे पैसे घालून करवून घेतात.

ओळख पटते ती फितीवरून. फिकट निळ्यावर पाच पांढऱ्या रेघा म्हणजे आपल्या सरकारचं विदेश सेवा पदक, १९६० साली सुरू झालेलं. शेजारची वाळूच्या रंगाची फीत, मध्ये रुंद निळा पट्टा, बाजूला गडद निळ्या आणि हिरव्या बारीक रेघा, ही संयुक्त राष्ट्रांच्या गाझा-सिनाई मोहिमेची, १९५६ ते १९६७ची. वाळू सिनाईची, गडद निळा सुएझ कालव्याचा, हिरवा नाईलच्या खोऱ्याचा. या दुसऱ्या पदकाची मागची बाजू भिंगाखाली धरा, इंग्रजीत ‘इन द सर्व्हिस ऑफ पीस’ (शांततेच्या सेवेत) दिसायला हवं. १९६७च्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धात आपले जवान तिथे मारले गेले. गावाकडे हे फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही घरच्यांना जरूर सांगा.

पिनवरचा क्रमही पाहा: भारतीय पदक आधी, संयुक्त राष्ट्रांचं शेवटी. तसाच असेल तर लावणाऱ्याला नियम ठाऊक होता.

मिनिएचरवर सहसा नाव नसतं. मोठ्या भारतीय पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, म्हणून ट्रंक पुन्हा उपसा. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका, तीही शोधा. ती नसेल तर ओरोसच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कचेरीला) लिहायचं ते तिथे कळेल. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत असतील तर पत्र बेळगावला जाईल.

जपणूक सोपी आहे, फक्त खाऱ्या हवेपासून लांब ठेवा. कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा. फीत धुऊ नका आणि विरली असली तरी बदलू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, दर मृगाआधी त्या बदला. फ्रेम करायचीच तर पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर नको आणि उन्हातही नको. धातूवर हिरवी भुकटी धरली असेल तर स्वतः खरवडू नका, संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

मोठं पदक सापडलंच, तर कडेवरचा नंबर इथे टाकू नका, रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रातच लिहा.