आईला आधीपासून मधुमेह असेल तर बाळाच्या हृदयाला धोका असतो का?

तुम्ही ऐरोलीहून विचारलंय: पत्नीला तीन वर्षांपासून मधुमेह, आता सातवा आठवडा, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९. साखरेसाठी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे.

धोका आहे, पण घाबरून जाण्याइतका नाही. साधारण १०० बाळांत एकाला जन्मजात हृदयदोष असतो. आईला आधीपासून मधुमेह असेल तर तीन-चार जणांना. साखर जितकी वर, तितका हा आकडाही वर जातो. तरी बहुतेक बाळांचं हृदय चांगलंच असतं.

खरी अडचण वेळेची आहे. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर पाचव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाची साधी नळी धडधडू लागते, मग वळते, आणि दहाव्यापर्यंत पडदे तयार होऊन चार कप्पे होतात. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या वेगळ्या व्हायला न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी तिथवर पोचाव्या लागतात. आईची वाढलेली साखर गर्भातही जाते आणि या पेशींना मारक ठरते. त्यातून पडद्याला छिद्र, फॅलोट टेट्रालॉजी (हृदयातले चार दोष एकत्र) किंवा वाहिन्यांची अदलाबदल होऊ शकते. सातव्या आठवड्यात हे काम चालूच आहे, म्हणून पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. उद्याच दाखवा.

ग्लिमेपिराइडऐवजी बहुधा इन्सुलिन सुरू होईल. मेटफॉर्मिनचं डॉक्टर ठरवतील. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, लॅबेटेलॉल किंवा निफेडिपिन देतात. पण मनाने गोळी बंद करू नका, बीपी उसळतं. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅमचं, १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत, डॉक्टरांना विचारून. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत. ७० च्या खाली गेली तर लगेच ग्लुकोज द्या. इन्सुलिन घेऊन जेवण टाळणं सर्वांत घातक.

१८ ते २० आठवड्यांत अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी) होईलच, पण फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, वेगळी सांगून करून घ्या. वाहिन्यांच्या अदलाबदलीत चारही कप्पे अगदी नीट दिसतात. बाहेर निघणाऱ्या वाहिन्या पाहिल्या तरच दोष सापडतो. रिपोर्टमध्ये त्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे ना, ते बघा.

असा दोष निघालाच, तर बाळाला जन्मल्या जन्मल्या प्रोस्टाग्लँडिनचं (जन्मानंतर बंद होणारी हृदयाजवळची वाहिनी उघडी ठेवणारं औषध) ड्रिप लागू शकतं. तेव्हा नवजात बाळांची हृदयशस्त्रक्रिया होते अशाच हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचं नाव आधीच घाला. कळा सुरू झाल्यावर ठाणे-बेलापूर रोडवरून हॉस्पिटल शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका.