चतुर्दशीचे जास्तीचे पान

पेरुजा, इटली

चिरंजीव छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भाद्रपद वद्य चतुर्दशीला, आजीने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या घरी एक पान जास्तीचे वाढले आणि ‘हे लढाईत गेलेल्यांचे’ एवढेच सांगितले. आपल्या घरातले तर कोणीच लढाईत गेलेले नाही, मग ते पान कोणाचे, असे तू विचारले आहेस. तिला पुन्हा विचारण्याचा तुला संकोच वाटला, हे मी समजू शकते. त्या दिवशी ती फारशी बोलत नाही.

पितृपक्षात ज्याचे त्याचे श्राद्ध त्याच्या मृत्यूच्या तिथीला करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. चतुर्दशी मात्र त्याला अपवाद आहे. ती तिथी शस्त्राने किंवा अपघाताने मरण आलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. अंथरुणावर शांतपणे गेलेल्या माणसाची तिथी चतुर्दशी असली, तरी त्याचे श्राद्ध दुसऱ्या दिवशी अमावास्येला होते. पंचांगात त्या दिवसापुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते, ते काढून पाहा. पितर आपलेच असावे लागतात का, हा तुझा खरा प्रश्न आहे. महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, आईकडच्या, वडिलांकडच्या, गुरूंच्या आणि स्नेह्यांच्या नावांचा उच्चार झाला की गुरुजी शेवटी आणखी एक पिंड ठेवायला लावतात. त्याला धर्मपिंड म्हणतात. ज्यांच्यामागे पिंड देणारे कोणी उरले नाही, ज्यांचे नावही ठाऊक नाही, अशांसाठी तो असतो. खीर, वडे आणि आमसुलाची चटणी वाढलेले वेगळे पान मांडणे ही आजीच्या मनाची रीत असेल, पण तिला आधार या धर्मपिंडाचा आहे.

त्या पानावर मी कोणाला बसवीन, असे विचारशील तर दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या यशवंत घाडगे यांना. सैन्यात त्यांचा हुद्दा नाईक होता.

त्यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावी झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर ते इटलीत आले आणि 10 जुलै 1944 रोजी, मी राहते तिथून उत्तरेला असलेल्या टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे जण ठार किंवा जखमी झाले; उभे राहिले ते एकटे तुकडीप्रमुख घाडगे. ते टॉमीगन चालवीत सरळ त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली आणि गोळ्या संपल्यावर नवे मॅगझिन भरायला वेळ नाही हे पाहून, बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या तडाख्यांनी मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या व जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय होते 22 वर्षांचे, तुझ्या मामापेक्षाही लहान. वाचण्याची आशा फार थोडी आहे हे त्यांना ठाऊक होते, अशी नोंद त्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या मानपत्रात आहे. मला सर्वांत अधिक भिडते ते हेच वाक्य.

त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. देह घरी गेला नाही, अस्थी गेल्या नाहीत, नदीत सोडायला मूठभर राखही कोणाच्या हाती आली नाही. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा सैनिकांची नावे इटलीतल्याच कसीनो येथील स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. इटलीच्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. सयाजीराव महाराजांनी गायकवाडांच्या दिवंगतांसाठी उभारलेले कीर्तिमंदिर तू पाहिले आहेस. शिपायाच्या वाट्याला मात्र दगडावरची एक ओळ येते, आणि ती वाचायला त्याच्या गावाहून कोण येणार?

म्हणून गेल्या महिन्यात मी मोंतोने नावाच्या गावी जाऊन आले. तिथल्या लोकांनी 2023 साली घाडगे यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले आहे. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडले आहे. त्यांच्या रक्ताचे तिथे कोणी नाही. तरी त्या गावाने त्यांच्यासाठी जागा राखली. ते पाहताना मला आजीच्या पानाची आठवण झाली, आणि घरी परतले तो तुझे पत्र आलेले होते.

पुढच्या चतुर्दशीला पान मांडताना हे नाव तू आजीला सांग. ती लगेच गोत्र विचारील. आपल्याला ते माहीत नाही असे सांग; गोत्र ठाऊक नसेल तेव्हा काश्यप म्हणायचे असते, हे तिला ठाऊक आहे.

तुझी,
आई