मोगऱ्याला तहान, अनंताला सावली

प्रश्न (निपाणी): परड्यातला मोगरा चार वर्षांचा आहे. पाला भरपूर, पण पाडव्याला फुलं जेमतेम ओंजळभर. पाणी रोज, शेणखत दर महिन्याला. शेंड्याची पानं पिवळी पडतात म्हणून चुलीतली राखही घालतो. काय चुकतंय?

उत्तर: लाड जास्त होतायत. मोगऱ्याचं फूल येतं नव्या फुटव्याच्या शेंड्यावर. जुन्या काडीला नुसता पाला. त्यात पाणी आणि नत्र सतत मिळत राहिलं तर झाडाला फुलायची गरजच वाटत नाही. डाळिंबवाले बहर धरायला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, तसाच इथेही द्यायचा.

संक्रांत झाली की जमिनीतल्या झाडाचं पाणी पंधरा दिवस तोडा, कुंडीतल्याचं आठवडाभर पुरे. पानं मरगळली, खालची गळू लागली की कात्री चालवा. जमिनीपासून दीड फूट राखून (कुंडीत एक फूट) वरचं सगळं उतरवा. वाळक्या, सुतासारख्या बारीक आणि आत वळलेल्या काड्या बुडापासून काढा. काप डोळ्याच्या (काडीवरच्या फुटव्याच्या गाठीच्या) जरा वर, तिरका घ्या. राहिलेली पानंही हाताने ओरबाडून टाका. झाड भुंडं दिसेल, जीव थोडा खालीवर होईल; होऊ द्या. मग वरची दोन इंच माती हलवून चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन ओंजळी आणि निंबोळी पेंड मूठभर मिसळा, आणि भरपूर पाणी द्या. साधारण दोन आठवड्यांत डोळे फुटतात, दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसतात. उशिरा, म्हणजे मार्चमध्ये छाटलं, तर पाडवा हुकणारच. ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवं. आंब्याच्या सावलीतल्या मोगऱ्याला कितीही छाटा, उपयोग नाही. पहिला बहर संपला की फुललेल्या प्रत्येक शेंड्याखालची दोन पेरं छाटा, पुन्हा फुटवा येतो.

आता पिवळेपणा. कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. तुमच्याकडच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, तिच्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. राख ती अडचण आणखी वाढवते. तेवढी आधी बंद करा. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून उन्हं उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हिराकसचं हे पाणी ताजंच वापरा, तांबूस झालं की फुकट. मात्र खालची, जुनी पानं पिवळी होत असतील तर हिराकस नको, आधी मुळाशी पाणी साचतंय का ते बघा.

कळ्या जांभळट होऊन एकमेकींना जाळ्याने चिकटलेल्या दिसल्या तर आत कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. झाडाखाली टाकल्यात तर अळीचीच सोय होते. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे चार थेंब, दर आठवड्याला संध्याकाळी फवारा.

प्रश्न (खानापूर): कुंडीतल्या अनंताला कळ्या धरतात आणि वाटाण्याएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात.

उत्तर: तुमच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत अनंत खरं तर खूश असतो. कळ्या गळतात त्या बहुधा पाण्याच्या हेलकाव्याने: एक दिवस माती कोरडीठाक, दुसऱ्या दिवशी चिखल. बोट दोन इंच खुपसून ओल बघा आणि ती सारखी राखा. कुंडीवर पाचोळ्याचा दोन इंच थर द्या. सकाळचं ऊन, दुपारी बारानंतर सावली, गरम वाऱ्यापासून आडोसा. कळ्या धरल्यावर कुंडी बदलू नका, जागाही नको. बोअरचं पाणी जड (क्षारांचं) असेल तर टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी सरस. एवढं करूनही गळ थांबली नाही, तर कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक चपळ किडे पडले तर ते फुलकिडे, त्यांनाही कडुनिंबाचंच तेल. छाटणी फक्त फुलं संपल्या-संपल्या, थंडीत करू नका.

प्रश्न (बेळगाव, टिळकवाडी): मे फ्लॉवरच्या (लाल चेंडूसारखं फूल येणाऱ्या) कंदाला दरवर्षी फक्त पानंच येतात.

उत्तर: फूल येऊन गेल्यावर किंवा पावसाळ्यात पानं कापत असाल तर ती कापू नका, कंद पुढच्या फुलाची शिदोरी त्यांच्यावरच भरतो. थंडीत पानं आपोआप सुकली की पाणी बंद ठेवा, कोंब दिसला की सुरू करा. कंदाची मान मातीच्या पृष्ठाशी राहील इतकाच तो पुरा. दरवर्षी उपटून वेगळे करू नका, दाटीत तो चांगला फुलतो. कंद विषारी असतो, तेव्हा उरलेले कंद लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तावडीत सापडणार नाहीत असे ठेवा.