वाचकांचे प्रश्न : गेममधून आलेला सुपरमॅन

प्रश्न : माझा दहा वर्षांचा पुतण्या सुट्टीभर ‘इनजस्टिस : गॉड्स अमंग अस’ हा व्हिडिओ गेम खेळत असतो आणि वाढदिवसाला त्याच नावाचे कॉमिक हवे म्हणून हटून बसला आहे. मी लहानपणी खजुरी बाजारातून जुनी कॉमिक्स आणून वाचत असे. त्यांतला सुपरमॅन कोणाचा जीव घेत नसे. या कॉमिकमध्ये तो घेतो, असे ऐकले. गेमची चित्रे छापून पैसे काढण्याचा हा प्रकार आहे, की त्यात वाचण्यासारखे काही आहे?
— एक काका, इंदूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण गेमवरून काढलेली बरीचशी कॉमिक्स जाहिरातीच्या पत्रकापलीकडे जात नाहीत. हे मात्र त्यांतले नव्हे. गेम एप्रिल २०१३ मध्ये बाजारात आला. टॉम टेलर यांनी लिहिलेले हे कॉमिक जानेवारीतच फोन-संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी प्रकरणाप्रकरणाने निघू लागले होते. बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्या कपटामुळे मेट्रोपोलिस शहर अणुबॉम्बने बेचिराख होते, सुपरमॅन संतापून जोकरला ठार मारतो आणि पाच वर्षांनंतर तो जगाचा हुकूमशहा झालेला दिसतो, ही गेमची कथा. मधली पाच वर्षे कॉमिकने भरून काढली. म्हणजे शेवट आधीच ठरलेला. पण कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो; बुवा तिथवर कसे नेतात, यासाठीच तो बसून राहतो.

पहिलेच प्रकरण पाहावे. (पुतण्याला हे सारे ठाऊक असणार, तेव्हा रहस्य फुटण्याची भीती नाही.) रात्री सुपरमॅनला शेजारी निजलेल्या बायकोच्या, लोइसच्या पोटातून दुसऱ्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि आपण बाप होणार हे त्याला तिच्याही आधी कळते. पुढे जोकर त्याला विषारी वायूने भ्रमात पाडतो. समोर राक्षस आहे असे समजून तो लोइसलाच अंतराळात नेतो, आणि शहरातला बॉम्ब जोडलेला असतो तिच्याच हृदयाच्या ठोक्याला. ठोका थांबतो, शहर जाते. आरंभी आनंदाने ऐकलेला आवाजच नाशाची खूण ठरावा, ही योजना हिशेबी लेखकाला सुचत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक कौतुकाची वाटते. मूळचा गेम हाणामारीचा असल्याने त्यात धनुष्यबाण घेतलेला ग्रीन ॲरोसुद्धा सुपरमॅनसमोर टिकला पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याला गंमत काय? त्यासाठी गेममध्ये माणसाला अचाट बळ देणाऱ्या गोळीची सोय केलेली आहे. टेलर यांनी या सोयीचीच कथा केली. ती गोळी चोरून आणताना ग्रीन ॲरो सुपरमॅनच्या हातून मारला जातो. आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस सुपरमॅन बॅटमॅनची पाठ मोडतो, तेव्हा बॅटमॅनचा म्हातारा नोकर आल्फ्रेड तीच गोळी घेऊन सुपरमॅनला डोक्याची टक्कर मारतो. आयुष्यभर चहाचा ट्रे धरलेल्या माणसाने मारलेली ती टक्कर मी तीनदा उलटून पाहिली, हे कबूल करतो.

आता पुतण्याबद्दल. अमेरिकेत हा गेम १३ वर्षांवरील मुलांसाठी ठरवलेला आहे, आणि कॉमिकमध्ये आवडती पात्रे एकामागून एक मरतात. दहाव्या वर्षी ते हाती देऊ नये, असे माझे मत आहे. आपण स्वतःसाठी घ्यावे आणि तीन वर्षे कपाटात ठेवावे. वाढदिवसाला आपल्या काळातल्या सुपरमॅनचे एखादे कॉमिक द्यावे. तो तोंड वाकडे करील, तेवढे सोसावे.

प्रश्न : याच कॉमिकची पाच ‘वर्षे’, म्हणजे भाग, आहेत. सगळी घ्यावीत का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : पहिले वर्ष अवश्य घ्यावे. पडद्यावरच्या ३६ प्रकरणांचे छापील १२ अंक झाले. तीन प्रकरणांचा एक अंक असल्याने दर थोड्या पानांनी गोष्ट धक्का देऊन थांबते, त्याची सवय करून घ्यावी लागते. दुसरेही चांगले आहे. तिसऱ्या वर्षात टेलर यांच्याकडून लेखन ब्रायन बुचेलाटो यांच्याकडे गेले आणि मला तरी वीण सैल झाल्यासारखी वाटली. चौथे व पाचवे उसने मिळाले तर वाचावे. २०१७ मध्ये दुसऱ्या गेमसोबत आलेल्या ‘इनजस्टिस २’साठी टेलर परतले, तेव्हा पैसे त्यासाठी राखून ठेवलेले बरे.