वर्गाचा ग्रुप आणि विद्यार्थ्याची वही

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. प्रत्येक धड्याच्या दोन-तीन चांगल्या चित्रफिती शोधून मी त्यावर पाठवते आणि मुले लगेच अंगठ्याचे चिन्ह टाकतात. परंतु घटक चाचणीत नेमके तेच प्रश्न चुकतात. ‘धाराविद्युत’ या धड्याच्या वेळी तर फारच निराशा झाली. माझे काय चुकते आहे? — एक शिक्षिका

उत्तर : चित्रफिती निवडण्यासाठी आपण घरचा वेळ खर्च करता, यावरूनच आपली तळमळ कळते. मला अडचण निवडीत दिसत नाही. चित्रफीत पाहण्यापूर्वी मुलाच्या मनात एखादा प्रश्न उभा राहिलेला असतो का, याकडे आपण लक्ष द्यावे असे वाटते. धाराविद्युतचेच उदाहरण घेतो, कारण हा धडा मीही कित्येक वर्षे आधी उत्तर दाखवून आणि मग प्रश्न विचारून शिकवत होतो.

‘फेट’ हा अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आपल्याला ठाऊक असेल. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो 2002 साली सुरू केला. त्यावरील सिम्युलेशन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर स्वतः हाताळून पाहण्याचे प्रयोग, मोफत आहेत, अनेक मराठीतही आहेत, आणि फाइल एकदा उतरवून घेतली की शाळेतल्या संगणकावर इंटरनेट नसतानाही ती चालतात. त्यात विद्युत परिपथ जुळवण्याचा एक संच आहे. तो उघडण्यापूर्वी फळ्यावर तीन आकृत्या काढाव्यात : एक घट आणि एक दिवा, एक घट आणि एकसर जोडणीतले (एकामागे एक जोडलेले) दोन सारखे दिवे, एक घट आणि समांतर जोडणीतले (प्रत्येक स्वतंत्रपणे घटाला जोडलेला) तसेच दोन दिवे. कोणता दिवा किती उजळेल आणि का, हे प्रत्येकाने पेनने वहीत लिहावे आणि नंतर खोडू नये, एवढीच अट घालावी. एकसर जोडणीतला घटाजवळचा दिवा जास्त उजळेल, कारण ‘करंट आधी त्याला मिळतो’, असे लिहिणारी मुले दरवर्षी निघतात आणि त्यांत हुशार समजली जाणारीही असतात. मग पडद्यावर परिपथ जुळवावा. एकसर जोडणीतले दोन्ही दिवे सारखेच मंद दिसतात आणि समांतर जोडणीतले दोन्ही एकट्या दिव्याइतकेच उजळ राहतात, तेव्हा मुले पडद्यावरून नजर काढून आपल्या वहीतल्या ओळीकडे पाहतात. धडा त्या क्षणी सुरू होतो. तीच चित्रफीत त्यानंतर पाठवली, तर मूल ती कान देऊन ऐकते, कारण आता त्याला स्वतःच्या चुकीचे कारण हवे असते.

येथेही थांबू नये. टॉर्चचा 1.5 व्होल्टचा घट, दोन छोटे दिवे आणि वायरचे तुकडे घेऊन मुलांना तीच समांतर जोडणी हाताने करू द्यावी. घट थोडा जुना असेल तर दुसरा दिवा जोडताच पहिला किंचित मंदावतो. पडद्यावर मात्र तसे झाले नव्हते. कोणीतरी हे विचारतेच. कोणी विचारले नाही तर आपण विचारावे. सिम्युलेशनमध्ये घटाचा अंतर्गत रोध, म्हणजे विद्युतधारेला घटाच्या आतच होणारा अडथळा, सुरुवातीला शून्य धरलेला असतो, खऱ्या घटाला तो असतो आणि घट जुना होत जातो तसा वाढतो. हा फरक पाहिलेल्या मुलाला साधन कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरे ठरते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता ग्रुपविषयी. आपल्याकडे बहुतेक घरांत फोन वडिलांचा असतो आणि रात्री आठनंतर तो मुलांच्या हाती येतो. त्या वेळी एकच प्रश्न पाठवावा. ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवावी, नाहीतर पहिले उत्तर आले की उरलेली सारी त्याची नक्कल होतात. उत्तर वहीत लिहिले जावे किंवा मुलाने ते स्वतःच्या शब्दांत, अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिसंदेशातून, पालकांच्या फोनवरून केवळ आपल्याला पाठवावे. पटावर साठ मुले असतील तर रोज दहा हजेरी क्रमांक ठरवून द्यावेत. म्हणजे आपली ऐकण्याची पाच मिनिटे होतात आणि सहा दिवसांत पूर्ण वर्ग होतो. मूल ‘म्हणजे’ म्हणून जेथे अडखळते, तेथे त्याला काय कळलेले नाही, हे लेखी चाचणीपेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येते. ज्यांच्या घरी असा फोन नाही त्यांचे उत्तर सकाळी परिपाठापूर्वी तोंडी ऐकावे; त्यांना ग्रुपबाहेर ठेवून पुढे जाऊ नये.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. त्या कामाची सुरुवात मात्र, पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नाही, या जाणिवेतून झाली होती. मुलांची मातृभाषा कन्नड होती. त्यांनी आधी पुस्तकाचा मजकूर त्या भाषेत आणला आणि कविता, पाठ व स्वाध्याय कोडच्या मदतीने पुस्तकाशी जोडले. आपल्या वर्गातील मुलांचे अडते कोठे, हे ध्वनिसंदेशांतून कळले की कोणती चित्रफीत शोधायची, हेही आपोआप ठरेल.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर सर्व मुलांच्या गुणांची यादी नावांसह टाकली जाते आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे शाळेच्या फेसबुक पानावर सर्वांसाठी खुली असतात. आम्ही हरकत घेणे योग्य होईल का? — एक पालक, नाशिक

उत्तर : होय, योग्य होईल. व्यक्तिगत डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचा जो कायदा संसदेने 2023 साली संमत केला, तो 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारतो. तथापि, कायदा दाखवण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटावे. गुण प्रत्येक पालकाला स्वतंत्रपणे कळवणे आणि छायाचित्रांसाठी वर्षारंभी लेखी संमती घेणे, या दोन्ही गोष्टी शाळेला अवघड नाहीत. कमी गुण मिळालेल्या मुलाचे नाव त्याच्या मित्रांच्या घरच्या फोनवर वाचले जाते, ही बाब मला कायद्याहूनही गंभीर वाटते.

प्रश्न : मी पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करते आहे. टेलिग्रामवरील वीसेक चॅनेलांची सदस्य आहे, व्याख्याने दोन-दोनदा पाहते, तेव्हा सारे समजते. आठवड्याने काही आठवत नाही. — एक परीक्षार्थी

उत्तर : समजल्यासारखे वाटणे आणि आठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. दुसऱ्यांदा व्याख्यान पाहताना आपल्याला मिळते ते त्या पाच मिनिटांतले समाधान.

म्हणून व्याख्यान एकदाच पाहावे, वीस मिनिटांनी ते थांबवावे आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहावे. अडेल तेवढाच भाग पुन्हा पाहावा. तोच कागद दुसऱ्या दिवशी, नंतर चौथ्या आणि दहाव्या दिवशी नव्याने, काही न पाहता लिहावा. चॅनेलांपैकी दोन ठेवावीत आणि बाकीची सोडावीत. न वाचलेल्या पीडीएफचा ढीग अभ्यासिकेत बसलेल्या मुलीच्या मनावर किती ओझे टाकतो, हे मी माझ्या विद्यार्थिनींकडून ऐकले आहे. सरावासाठी आयोगाच्या संकेतस्थळावरील मागील प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि उत्तरे ताडून पाहताना हरकतींनंतर जाहीर झालेली अंतिम उत्तरतालिकाच वापरावी, कारण चॅनेलांवर फिरणारी तालिका अनेकदा पहिलीच असते आणि तिच्यातली रद्द झालेली उत्तरे पाठ होऊन बसतात.